मुलाच्या हेडफोनमधली माणसं

बेळगावातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

मुलगा नववीत, मराठी माध्यमात. वडील गोव्यात नोकरीला. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. गेल्या दिवाळीत मुलाला पीएस फाइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडायचा प्लेस्टेशन हा गेमचा कन्सोल, घेऊन दिला. सुरुवातीला तो एकटाच फुटबॉलचा गेम खेळायचा. पावसाळ्यात मैदान बंद झालं आणि चौघांच्या टीमचा बंदुकीचा गेम सुरू झाला. त्याबरोबर हेडफोन आला, माईक आला. कोल्हापूरचा मामेभाऊ, शाळेतला एक मित्र आणि गेममध्येच भेटलेला हुबळीचा एक मुलगा अशी टीम जमली. "हुबळीच्या पोरामुळं ह्याचं कन्नड बोलणं सुधारलं, हे मला त्याच्या टीचरनीच सांगितलं," असं आई लिहितात.

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहा वाजता टीममधलं कुणी नव्हतं. हा रँडम, म्हणजे गेमनं जोडून दिलेल्या अनोळखी खेळाडूंबरोबर खेळत होता. कुणीतरी विचारलं, कुठला? ह्यानं बेळगाव सांगितलं. मग भाषेवरून सुरू झालं. आईंना ऐकू आलं ते फक्त आपल्या मुलाचं ओरडणं, हिंदीतल्या अशा शिव्या की त्यांनी धावत जाऊन भिंतीवरचं बटणच बंद केलं. "असल्या शिव्या कुठं शिकलास?" असं त्यांनी विचारलं. मुलगा दोन दिवस बोलला नाही. मोठे दीर म्हणतात, विकून टाका. मुलाचे वडील फोनवर म्हणतात, माईक तेवढा काढून घे. मुलगा म्हणतो, "मम्मी, माईक नसला तर मला कोण टीममदी घेत न्हाई. मुका म्हणतात."

आईंचे दोन प्रश्न आहेत. माईक काढून घेतला तर हे थांबेल का? आणि कुणी परका माणूस आपल्या हॉलमध्ये येऊन बसलाय असं मला वाटत राहतं, ही भीती वेडेपणाची आहे का?

*

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमची भीती मुळीच वेडेपणाची नाही. पोरगं गल्लीच्या तोंडाशी कुणाशी बोलत उभं असलं तर आई दारात येऊन एकदा बघते, "कोण रे तो?" म्हणून विचारते. हेडफोन घातलेल्या मुलाच्या बाबतीत ही सोय राहत नाही. बोलण्याची एकच बाजू कानावर पडते आणि तीही तो ओरडला तरच. त्या रात्री तुम्ही ऐकलंत ते अर्धंच भांडण होतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. त्याकडे मी येणार आहे.

पण तुमच्या मिस्टरांच्या सूचनेपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात सोपी वाटते आणि बहुतेक घरांत तीच अमलात येते. हेडफोन उचलून कपाटात ठेवला की माईक गेला, असं पीएस फाइव्हच्या बाबतीत होत नाही. त्याच्या कंट्रोलरमध्येच माईक बसवलेला आहे. हेडफोनची पिन काढली की कंट्रोलरचा माईक ऐकायला लागतो आणि समोरच्यांचे आवाज टीव्हीतून हॉलभर घुमतात. म्हणजे कुकरची शिट्टी, तुमचं माहेरी फोनवर चाललेलं बोलणं, दारात आलेल्या कुरिअरवाल्याला मोठ्यानं सांगितलेला ओटीपी, हे सगळं अनोळखी माणसांच्या कानात जाऊ शकतं. घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो.

आज तो कंट्रोलर हातात घेऊन बघा. मधोमध पीएसचं चिन्ह असलेलं बटण आहे. त्याच्या लगेच खाली एक बारीक आडवं बटण आहे. ते दाबलं की नारिंगी दिवा लागतो. नारिंगी म्हणजे माईक बंद. शिवाय सेटिंग्जमध्ये साउंड आणि त्यात मायक्रोफोन असं गेलात की लॉगिन होताना माईक बंदच असावा, असं ठरवून ठेवता येतं. बाकी निर्णय काहीही झाला तरी हे एक काम आजच करून टाका. मग मुलाला बोलायचं असेल तेव्हा तो स्वतः बटण दाबून बोलेल. विसरून चालू राहिलेला माईक घरभरचं ऐकत बसणार नाही.

आणि माईक खरोखर बंद केला, तरी काय थांबेल? त्याचा आवाज बाहेर जाणं थांबेल. बाहेरचा आवाज आत येणं थांबणार नाही. त्यासाठी समोरच्याला म्यूट करावं लागतं किंवा गेमचं व्हॉइस चॅटच बंद करावं लागतं. लिहून येणारे मेसेज, फ्रेंड रिक्वेस्ट, गटांची आमंत्रणं तशीच चालू राहतील. तुमची काळजी ज्या माणसांबद्दल आहे ती माणसं आवाजाशिवायही पोहोचतात. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की माईक काढून त्याच्या शिव्या समोरच्यापर्यंत जाणं थांबेल, पण त्यामागचं फारसं काही थांबणार नाही. उलट टीममधली ओळखीची पोरं तेवढी तुटतील.

मुलाचं म्हणणं खरं आहे का? बऱ्याच अंशी खरं आहे. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याच्या समोर कीबोर्ड असतो. कंट्रोलर धरलेल्या मुलाला लिहायचं झालं तर पडद्यावरची अक्षरं एकेक करून निवडावी लागतात, तोवर मॅच संपते. म्हणून कन्सोलवर बोलणं लवकर रुजलं. एक्सबॉक्स या दुसऱ्या कन्सोलची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर 2002 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या संचातच हेडसेट दिलेला होता. चौघांच्या टीममध्ये "मागं बघ", "डावीकडं दोघं आहेत", "माझ्याकडं गोळ्या संपल्या" एवढं क्षणात सांगावं लागतं. जो सांगत नाही त्याच्यामुळे टीम हरते. चौदा वर्षांच्या मुलाला टीमनं घेणं न घेणं किती मोठं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता ज्या गोष्टीवरून तुम्ही पत्रात एका वाक्यात पुढे गेलात, तिथे मला जरा थांबायचं आहे. त्याचं कन्नड सुधारलं. सीमाभागातल्या मराठी शाळेतली किती मुलं कन्नडच्या पेपरात पास होतात, पण दुकानात चार वाक्यं बोलायची वेळ आली की गप्प होतात, हे आपण रोज बघतो. पुढं बँक, तालुका कचेरी, दवाखाना, नोकरी, सगळीकडे ते अडतं. तुमचा मुलगा रोज संध्याकाळी हुबळीच्या मुलाला "हिंदे नोडो, हिंदे!" (मागं बघ, मागं!) म्हणून ओरडून सांगतो आणि तो मुलगा ह्याला मराठीत "आलो, आलो" म्हणत असेल. कुणी मार्क देत नाही, कुणी चुका काढत नाही, म्हणून भाषा जिभेवर बसली. भर पावसात, चार भिंतींच्या आत त्याला हे मिळालं ते त्याच माईकमधून. कोल्हापूरच्या मामेभावाला आधी तो सुट्टीत नाहीतर लग्नकार्यात भेटत असणार. आता रोज बोलतो. ही मिळकत मला फार मोलाची वाटते आणि ती वाचवूनच पुढचं काही ठरवावं, असं माझं मत आहे.

तेव्हा ताई, व्हॉइस चॅट चांगलं की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्या माईकनं त्याला कन्नड शिकवलं त्याच माईकवरून त्याला शिव्याही मिळाल्या. फरक समोरच्या माणसांचा होता. कन्सोलवर बोलण्याचे दोन वेगळे मार्ग असतात आणि बहुतेक पालकांना ते माहीत नसतात. एक म्हणजे पार्टी: आपण निवडलेल्या मित्रांचा बंद गट. पार्टी 'क्लोज्ड' ठेवली की बोलावल्याशिवाय कुणी येत नाही. दुसरं म्हणजे त्या गेमचं स्वतःचं चॅट, ज्यात गेमनं टीममध्ये टाकलेला कुणीही असतो. पार्टीत असताना गेमचं चॅट बंद ठेवता येतं. बऱ्याच गेममध्ये आवाज फक्त पार्टीपुरता ठेवायची सोय आहे. फोर्टनाइट या गेमच्या पॅरेंटल कंट्रोल्समध्ये तर पिन टाकून पालकच ठरवू शकतात, की मुलानं सगळ्यांशी बोलावं, मित्र आणि टीममेटशी, फक्त मित्रांशी, की कुणाशीच नाही.

मग रँडम लोकांबरोबर खेळायचंच नाही का? खेळू दे, पण न बोलता. हल्लीच्या अनेक गेममध्ये एका बटणानं खूण करता येते: इथे शत्रू आहे, इथे बंदूक पडली आहे, तिकडे चला. फेब्रुवारी 2019 मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्स या गेमनं ही पद्धत इतकी नीट बसवली की एक शब्द न बोलता टीम जिंकू शकते. नंतर तशी सोय फोर्टनाइटसारख्या गेममध्येही आली. अनोळखी टीममध्ये माईकवाचून खेळ अडतो, हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही.

यातून एक साधा नियम निघतो आणि तो घड्याळाच्या नियमापेक्षा मला बरा वाटतो: ओळखीचा शेवटचा मित्र पार्टीतून गेला की बोलणं बंद. साडेदहाचा प्रसंग बघा. मामेभाऊ, शाळेतला मित्र, हुबळीचा मुलगा, सगळे आपापल्या आईनं हाक मारली म्हणून निघून गेले असतील. ह्याला उठावंसं वाटलं नाही आणि उशिराच्या लॉबीत, म्हणजे मॅचआधी खेळाडू जमतात तिथं, जे सापडले त्यांच्यात तो माईक चालू ठेवून बसला. बहुतेक घरांत भांडणं अशाच वेळी होतात. हा नियम मुलालाही पटतो, कारण त्यात त्याची टीम त्याच्याकडेच राहते.

आता त्या उरलेल्या अर्ध्या भांडणाकडे येते.

तुम्ही मुलाला विचारलंत, असल्या शिव्या कुठं शिकलास? त्या शब्दांची ओळख त्याला माईकनं करून दिली असं मला वाटत नाही. बसस्टँडवर, मैदानावर, शाळेच्या मागं त्यानं त्या कधीच ऐकलेल्या आहेत. तुमच्यासमोर त्या तोंडून निघाल्या नव्हत्या, एवढंच. माईकनं काय केलं, तर समोरचा चेहरा काढून घेतला. समोर माणूस दिसत असता तर दोघांचीही जीभ एवढी सुटली नसती. पण मला वेगळंच विचारायचं आहे. त्याला काय म्हटलं गेलं, हे तुम्ही विचारलंत का? तुम्हाला ऐकू आलं ते उत्तर होतं. प्रश्न हेडफोनच्या आत होता. बेळगावात जन्मलेल्या, इथंच वाढलेल्या मुलाला कुणीतरी इथून चालता हो म्हटलं असेल. किंवा त्याच्या आईवरून काही बोललं असेल. ते कानाला चिकटलेल्या हेडफोनमधून अगदी जवळून ऐकलंय त्यानं. दोन दिवस तो बोलला नाही तो तुमच्यावर रुसून असेल. पण ऐकलेलं कुणाला सांगता येईना म्हणूनही असू शकेल.

म्हणून आधी तेवढंच विचारा. रागावणं नंतर. "तुला काय म्हणाले रे ते?" त्यानं शब्द सांगायला का कू केलं तर सोडून द्या. "ऐकून वाईट वाटलं असंल" एवढं म्हणा आणि जेवायला वाढा. शिव्यांबद्दल बोलायचंच आहे, पण ते त्या दिवशी नको.

भाषेचा मुद्दा तुम्हाला विशेष टोचला, हे पत्रावरून कळतं, आणि इथं राहणाऱ्या कुणालाही टोचेल. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून हा सीमावादाचा विषय आपल्या घरात आहे. 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. याबद्दल मुलाचं काही मत असेल तर ते त्यानं घरात बोलावं, तुमच्याशी, काकांशी वाद घालावा, वाचावं. अनोळखी आवाजाबरोबर रात्री साडेदहाला तो वाद घातला तर दोन्हीकडे फक्त जखम होते. शिवाय एक व्यवहारातला धोका आहे. कुणीही फोनवर ते बोलणं रेकॉर्ड करू शकतं आणि त्यातला ह्याच्याच आवाजाचा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरवू शकतं. भाषेवरून तेढ वाढवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा ठरू शकतं. पोरांच्या भांडणाला कुणी ते कलम लावेल असं मी म्हणत नाही, मुलाला त्या नावानं घाबरवूही नका. पण बेळगावात असा तुकडा फिरू लागला तर काय होऊ शकतं, हे नववीतल्या मुलाला शांतपणे सांगितलं तर कळतं.

आणि याच मुलाची रोजची टीम बघा ना: एक कोल्हापूरचा, एक हुबळीचा, दोघं बेळगावचे. त्या रात्री कुणी त्याला भाषेवरून बोललं, हे त्यानं हुबळीच्या मित्राला सांगितलंय का, हेही सहज विचारा. माझा अंदाज आहे की सांगितलं असेल आणि तो मित्र ह्याच्या बाजूनं उभा राहिला असेल.

पुन्हा असं झालं तर त्यानं करायचं काय? उत्तर द्यायचं नाही एवढं सांगून भागत नाही, हाताला काम द्यावं लागतं. खेळाडूंची यादी उघडायची, त्या नावावर म्यूट, मग ब्लॉक, मग रिपोर्ट. पीएस फाइव्हवर पार्टीच्या बोलण्यातला 40 सेकंदांपर्यंतचा तुकडा तक्रारीला जोडता येतो. एक्सबॉक्सवर जुलै 2023 पासून 60 सेकंदांचा तुकडा जोडता येतो. फोर्टनाइटच्या व्हॉइस चॅटमध्ये शेवटच्या पाच मिनिटांचं बोलणं रिपोर्टबरोबर पाठवायची सोय आहे. मुलाला एक गोष्ट नीट समजावून सांगा: त्या तुकड्यात दोघांचेही आवाज असतात. ह्यानं उलट शिव्या दिल्या असतील तर तपासणाऱ्याला दोन शिव्या देणारे दिसतात आणि खातं ह्याचंही बंद होऊ शकतं. ज्यानं तोंड आवरून रिपोर्ट केलं त्याची तक्रार टिकते.

हे सगळं तुम्ही त्याला शिकवायला जाऊ नका. त्यालाच म्हणा, मला करून दाखव. त्याच्या शेजारी बसा, कंट्रोलर हातात घ्या, चुकू द्या. मुलं आईला शिकवताना जेवढं बोलतात तेवढं एरवी बोलत नाहीत. त्यातून तुम्हाला त्याची फ्रेंडलिस्टही दिसेल आणि कोण कोण आहे हे चोरून बघावं लागणार नाही. दाराआड उभं राहून ऐकायचं, झोपल्यावर मेसेज वाचायचे, हे मात्र करू नका. एकदा कळलं की तो सगळं फोनवर नेईल आणि मग हॉलमधून जे थोडंफार कानावर येतंय तेही जाईल. टीव्ही हॉलमध्ये आहे हे तुमच्या घराचं भाग्य आहे. तो त्याच्या खोलीत हलवायची मागणी आली तर आत्ता तरी नको म्हणा.

हुबळीच्या मुलाबद्दल मात्र मी थोडी कडक होणार आहे. तुमच्या पत्रावरून तो चांगला मुलगा वाटतो. पण आवाजावरून वय ओळखण्याच्या भरवशावर राहू नये. आवाज बदलणारी ॲप्स फुकट मिळतात. म्हणून एकदा त्याच्या आईशी फोनवर बोला. तुम्हाला कन्नड अवघड जात असेल तर मुलालाच मध्ये घ्या. "आमची पोरं रोज एकत्र खेळतात, म्हणून ओळख करून घ्यावी म्हटलं" एवढंच बोलायचं आहे. कुठल्याही आईला याचा राग येणार नाही, उलट तिचाही जीव भांड्यात पडेल. फोन द्यायला तिकडून सतत टाळाटाळ झाली तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

मुलानं माईकवर काय सांगायचं नाही, हेही घरात ठरवा. नाव-आडनाव, शाळा, ट्यूशनची वेळ हे तर झालंच. पण तुमच्या घरात एक जास्तीची गोष्ट आहे: "पप्पा गोव्याला असतात, शनिवारी येतात." मुलं हे वाक्य सहज बोलून जातात. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून कळतं की आठवडाभर घरात आई आणि मुलगाच आहे. सीमाभागातल्या हजारो घरांतले वडील गोव्यात, पुण्यात, फौजेत आहेत. त्या सगळ्या घरांना हे लागू आहे.

आणि काही गोष्टी दिसल्या की लगेच सावध व्हा. गेममधल्या वस्तू किंवा गिफ्ट कार्ड फुकट देऊ करणारा मोठा "दादा". चल, इथं नको, इन्स्टावर बोलू म्हणणारा. आईला सांगू नकोस म्हणणारा. फोटो किंवा ओटीपी मागणारा. असं काही झालं असेल तर मुलाला आधी सांगा की तुझी चूक नाही, कन्सोल काढून घेणार नाही. कन्सोल जाईल या भीतीनं मुलं अशा गोष्टी लपवतात. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलाला धमकावणं, फोटो मागणं असं काही असेल तर 1098 या चाइल्डलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

घरात मुलगी खेळणारी असेल, अशा वाचकांसाठी इथंच एक परिच्छेद लिहिते. मुलगी माईकवर एक शब्द बोलली की सुरू होणारा त्रास वेगळा असतो, आणि घरचे तिलाच म्हणतात, तू बोलूच नकोस. मला हे मान्य नाही. ज्यानं घाण बोललं त्याला म्यूट आणि रिपोर्ट करायचं, आणि तिला मैत्रिणींची, भावंडांची बंद पार्टी करून द्यायची, जिथं ती मोकळेपणानं ओरडू शकेल. गप्प बसून खेळायचं की बोलून, हे तिनं ठरवावं.

आता खात्याचं बघू. मुलानं खातं उघडताना जन्मसाल कोणतं टाकलंय ते तपासा. लवकर खेळता यावं म्हणून मुलं सर्रास मोठं वय टाकतात आणि मग मुलांसाठी असलेली एकही बंधनं त्या खात्याला लागत नाहीत. तसं असेल तर खऱ्या वयाचं नवं खातं उघडून ते तुमच्या किंवा मिस्टरांच्या फॅमिली खात्याखाली घ्या. जुन्या खात्यातली कमाई जाईल म्हणून तो तक्रार करेल. ती तक्रार खरी आहे, ऐकून घ्या, पण मागं हटू नका. फॅमिलीच्या सेटिंग्जमध्ये कुणाशी बोलता येईल, किती वेळ खेळता येईल, किती पैसे खर्च करता येतील, हे पालकांच्या हातात राहतं आणि ते फोनवरूनही बदलता येतं.

फोनवरून निघालं म्हणून सांगते: प्लेस्टेशनच्या ॲपमधून पार्टीच्या बोलण्यात सामीलही होता येतं. मुलाच्या वडिलांनी स्वतःचं खातं काढलं तर ते पणजीहून, मडगावहून, जिथं असतील तिथून, ड्युटी संपल्यावर दहा मिनिटं मुलाच्या पार्टीत येऊ शकतात. खेळायची गरज नाही. "काय रे, कोण जिंकतंय?" एवढं विचारलं तरी पोरांना कळतं की इथं एक मोठं माणूस ये-जा करतं. मात्र न सांगता यायचं नाही. येतोय म्हणून आधी सांगायचं. माईक काढून घे म्हणणाऱ्या बापाला मुलाशी रोज बोलायची ही एक जागा मिळेल, आणि तुमच्या एकटीवरचा भार थोडा हलका होईल.

कानांचंही बघायला हवं, थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मुलांसाठी 75 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास, ही मर्यादा आहे; आवाज 3 डेसिबलनं वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. गोळीबाराच्या आवाजात मित्राचं ऐकू येत नाही म्हणून मुलं सगळाच आवाज वाढवतात. पीएस फाइव्हवर गेमचा आवाज कमी आणि बोलण्याचा जास्त असं वेगवेगळं करता येतं. ते करून दिलं की एकूण आवाज आपोआप खाली येतो, आणि मुलाचं ओरडणंही कमी होतं, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायला लागतो.

भिंतीवरचं बटण बंद केलंत त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. त्या क्षणी दुसरं सुचलंच नसतं. पुढच्या वेळी मात्र चालू मॅच संपू द्या. एका मॅचला वीसेक मिनिटं लागतात आणि ती मध्ये थांबवता येत नाही. "ही शेवटची, मग जेवायला" असं आधी सांगितलं तर तो उठतो. ऐन रंगात वीज गेली तर टीममधल्या बाकीच्यांचंही नुकसान होतं आणि त्याचा राग घरावर निघतो.

मोठ्या भाऊजींच्या मनात काळजीच आहे, म्हणून त्यांना उडवून लावू नका. विकून टाकायची वेळ कधी येते, हे त्यांना सांगा. झोप, शाळा, जेवण, मित्र सगळं मागं पडलं, थांब म्हटलं तरी थांबता येईना आणि असं महिनोन् महिने चाललं, तर ती तज्ज्ञाकडे जायची वेळ. जागतिक आरोग्य संघटनेनं 1 जानेवारी 2022 पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे आणि त्यासाठी साधारण 12 महिने अशी लक्षणं बघितली जातात. बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून याच कामासाठी शट क्लिनिक आहे. तेवढ्या लांब जायच्या आधी 14416 या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसत नाही. शाळा ठीक आहे, कन्नड सुधारलंय, मित्र आहेत, एक रात्र वाईट गेली.

तेव्हा आज कंट्रोलरचं बटण बघून घ्या आणि मुलाला तो एक प्रश्न विचारा. शनिवारी मिस्टर आले की तिघं मिळून जन्मसाल, फॅमिली खातं आणि पार्टीची सेटिंग्ज बसवा; भाऊजींनाही चहाला बोलवा, मुलगाच त्यांना दाखवेल. तोपर्यंत हुबळी-कोल्हापूरच्या टीमबरोबर त्याला माईक लावून खेळू द्या, रँडम लॉबीत माईक बंद. हुबळीच्या आईशी फोनवर काय बोलणं झालं ते मला नक्की कळवा.